कॉम्पोवर

कराड
९ जून २०२५

यतिन,

अनुष्काने वाढदिवसाला पाठवलेलं कार्ड परवा मिळालं. पिनकोडच्या जागी तिने फूल काढलंय, तरी पोचलं. ज्या खात्यात चौतीस वर्षं काढली त्याची अब्रू राहिली म्हणायची.

आत तिने इंग्रजीत लिहिलंय, "बाबा इज ऑन कॉम्पो. ही पिक्स मी अप एव्हरी डे." दुसरं वाक्य कळलं. पहिल्यातला तो कॉम्पो काही केल्या कळेना. माझ्या डिक्शनरीत नाही. शेजारची चिन्मयी कॉलेजात जाते, तिला विचारलं तर म्हणाली, "आजी, कंपोस्ट असेल." म्हणजे माझा भाचा मेलबर्नला खताच्या ढिगावर बसलाय असं समजू का?

आणि गोदामातली नोकरी सोडून तू रोज तीन वाजता शाळेच्या फाटकाशी कसा? व्हिडिओवर मला ऐकू येत नाही आणि तू नुसता हसतोस. म्हणून लिहून पाठव. तुझी आई गेल्यापासून तुझं पत्र मी प्रगतिपुस्तकासारखं वाचते, हे तुला माहीत आहे.

मितालीला सांग, मसाला पाठवलाय. कस्टमवाल्यांनी हुंगून परत नाही पाठवला तर मिळेल.

विमलआत्या


टार्निट
२९ जून २०२५

आत्या,

खताचं मितालीला वाचून दाखवलं. ती ऑफिसला निघाली होती, गाडीत बसेपर्यंत हसत होती.

इथल्या लोकांना पूर्ण शब्द बोलायचा कंटाळा. आफ्टरनूनचं आर्वो, पेट्रोलपंप म्हणजे सर्वो, युनिव्हर्सिटीची युनी, गाडीच्या रजिस्ट्रेशनचं रेगो. त्यातलाच कॉम्पो, म्हणजे कॉम्पेन्सेशन. कामावर असताना माणसाला दुखापत झाली तर बरा होईपर्यंत विम्यातून पगार आणि उपचार मिळतात. तो माणूस 'ऑन कॉम्पो'. आपली मंडळी त्याला मराठी शेपूट लावतात. कॉम्पोवर गेला, कॉम्पो टाकली, कॉम्पोवाला. 'कॉम्पो डॉक्टर' म्हणजे विमा कंपनी ज्याच्याकडे तपासायला पाठवते तो. आणि कुणी 'कॉम्पो बॅक' म्हणालं तर समजायचं की कंबर कागदावर दुखतेय. आमचा टीम लीडर हा शब्द उच्चारताना दोन्ही हातांची दोन-दोन बोटं हवेत वाकवतो. तेव्हा तर सोंग असाच अर्थ होतो. डॉक्टरच्या तोंडी शब्द साधा असतो, जेवणाच्या सुट्टीत तोच शिवीसारखा येतो.

माझं विचारशील तर मार्चमध्ये कुत्र्याच्या खाद्याची पिशवी लाकडी पॅलेटवर टाकताना कंबर लचकली होती. दोनेक आठवडे घरी होतो, आता ठणठणीत आहे. अनुष्का जुनं काहीतरी घेऊन बसते. शाळेत जायचं म्हणशील तर शिफ्ट बदलून घेतलीय, एवढंच.

आता चांगली बातमी. यंदा इथल्या मराठी मंडळाने गणपती आणायचा मान मला दिलाय! मला इथे बारा वर्षं झाली, पण मंडळात सगळे इंजिनियर नाहीतर आयटीवाले. गोदामात काम करणाऱ्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. उल्हासदादा, आमचे अध्यक्ष, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "या वर्षी आपला यतिन." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

यतिन


कराड
१८ जुलै २०२५

यतिन,

कॉम्पो समजला. आमच्याकडे याला मेडिकल म्हणायचे. "अमुक कुठे आहेत?" "मेडिकल टाकलीय." आमच्या ऑफिसात एक कारकून दर वर्षी ऊसतोडीला कमरेच्या दुखण्याची मेडिकल टाकायचे. महिन्याने परत यायचे ते उन्हाने रापून काळे आणि पोस्टमास्तरांना गुळाची ढेप घेऊन. मी त्यांना म्हणायचे, "कमरेला गुळाचा शेक दिला वाटतं?" कंबर फार सोयीची. एक्स-रेत सापडत नाही. तू दोन आठवड्यांत कामावर गेलास हे बरं केलंस. आपल्या घरात फुकटचा पगार कुणी खाल्लेला नाही.

मानाचं वाचलं आणि पत्र देवापुढे ठेवलं. तुझे आजोबा चावडीच्या गणपतीला हा मान घ्यायचे, तेव्हाची रीत लिहिते, तशी कर. मूर्ती पाटावर घ्यायची, तोंडावरून रुमाल. पायात काही नको. आणि गाडीतून उतरवल्यापासून मखरापर्यंत मूर्ती दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. हात भरून आले तर नाव घ्यायचं. ज्याने मध्येच हात बदलला त्याला पुढे कुणी विचारत नसे.

फोटो पाठव. मोबाइलवरचा नको, छापलेला.

आत्या


टार्निट
७ सप्टेंबर २०२५

आत्या,

फोटो पाठवतोय. तीस तारखेला शनिवारी गणपती आणला. तू सांगितलंस तसंच केलं. हॉलचं पार्किंग लांब होतं, पण हात बदलला नाही. सगळे खूश होते. ढोल छान वाजले.

इकडे सगळं ठीक. कामावर जातोय. थंडी अजून आहे. जास्त लिहीत नाही, गडबडीत आहे.

यतिन


कराड
२५ सप्टेंबर २०२५

यतिन,

फोटो फ्रेम करायला दिला. देण्याआधी भिंग लावून पाहिला. आजूबाजूच्या सगळ्यांची तोंडं 'मोरया' म्हणताना उघडी आहेत. तुझ्या एकट्याचे दात आवळलेले आहेत.

दुसरं म्हणजे पत्र. अक्षर दर ओळीत मध्येच पुसट होतं आणि पुन्हा गडद होतं. बॉलपेनची शाई खालून वर चढत नाही. माणूस उताणा पडून कागद डोक्यावर धरून लिहितो तेव्हा असं होतं. सरकारी दवाखान्यातून मनिऑर्डरचे फॉर्म भरून यायचे, त्यांवर नेमकी अशी अक्षरं असायची. गडबडीत असलेला माणूस उताणा पडून लिहीत नाही.

मितालीने अडीच महिन्यांत एक ओळ पाठवलेली नाही. ती खोटं लिहिणारी नाही, म्हणून गप्प बसली असेल.

मी खिडकीत बसून तीस हजार माणसांची पाकिटं हाताळलीत रे. आता सांग.

आत्या


टार्निट
१४ ऑक्टोबर २०२५

आत्या,

हेही पत्र पडूनच लिहितोय. मितालीने पेन्सिल दिली.

मार्चपासून मी एक दिवसही कामावर गेलेलो नाही. कमरेतली चकती सरकलीय, डाव्या पायात मुंग्या येतात. वीस मिनिटं बसता येतं, वीस मिनिटं उभं राहता येतं, मग आडवं व्हावं लागतं. पाच किलोच्या वर उचलायचं नाही असं डॉक्टरने लिहून दिलंय. अनुष्काने कार्डात लिहिलं होतं ते खरं होतं. मी कॉम्पोवर आहे.

मंडळात कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारलं की "लेट शिफ्ट आहे" म्हणायचो. मान दिला तेव्हा वाटलं, ऑगस्टपर्यंत बरा होईन. जुलैत वाटलं, आता उल्हासदादांना सांगून टाकावं. त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं, गुळाच्या ढेपेचं. मग नाही सांगितलं. तुला बोल लावत नाही. आधीच घाबरलेलो होतो.

मूर्ती वीस किलोची, वर पाट. पार्किंगपासून हॉल ऐंशी पावलं. सोहम म्हणून एक मुलगा आहे, आयटीत आहे, ढोल वाजवतो. तो दोनदा जवळ येऊन म्हणाला, "दादा, धरू का?" मी म्हटलं, "नको रे." मखरात ठेवली तोपर्यंत उभा होतो. आरती झाल्यावर नमस्काराला वाकलो तो वर येता येईना. लोकांना वाटलं, भक्ती. सोहमने ओळखलं. त्याने मागच्या दाराने नेऊन गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घातलं आणि घरी सोडलं. तेव्हापासून पायातल्या मुंग्यांच्या जागी जळजळ आहे.

तू फ्रेम केलायस तोच फोटो मंडळाच्या फेसबुकवर होता. तीन आठवड्यांनी विमा कंपनीचं पत्र आलं. सोबत तो फोटो, रंगीत प्रिंट, माझ्या हातांभोवती लाल गोल. हा इसम जड वस्तू उचलू आणि वाहून नेऊ शकतो, तेव्हा कॉम्पो बंद. फिजिओही बंद. मी हरकत घेतलीय. दोन डिसेंबरला समेटाची बैठक आहे. तिथे हरलो तर एक तर गोदामात परत जाऊन पिशव्या उचलायच्या, नाहीतर नोकरी सोडायची. आणि फसवणूक केली हा शिक्का.

आत्या, घरात कोंडल्यासारखं झालंय. फिजिओ म्हणायची, रोज चाल. पण रस्त्यावर नीट चाललो आणि कुणी फोटो काढला तर म्हणतील बरा आहे. लंगडलो तर म्हणतील सोंग करतो. म्हणून आतल्या पॅसेजमध्ये चालतो, बाथरूमपासून गराजच्या दारापर्यंत. चाळीस फेऱ्या. मिताली वाण्याकडून आणलेली तांदळाची दहा किलोची पिशवी डिकीतून काढते आणि मी मोकळ्या हातांनी शेजारी उभा असतो. समोरचे गुजराती काका बघतात. परवा अनुष्काने काहीतरी विनोद केला, मी दारात उभा होतो, जोरात हसलो आणि लगेच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. कॉम्पोवरच्या माणसाने हसावं की नाही, तेही कळत नाही.

वकील म्हणतो, मूर्ती ठेवल्यावर तुला काय झालं हे पाहिलेल्या माणसांनी लिहून द्यायला हवं. म्हणजे मंडळात सांगायला हवं. मिताली रोज विचारते, "विचारलंस?" मी रोज म्हणतो, उद्या.

यतिन


कराड
३१ ऑक्टोबर २०२५

यतिन,

पत्र दोनदा वाचलं. मग फ्रेमवाल्याकडे जाऊन फोटो तसाच परत आणला.

ऊसतोडीच्या कारकुनाची गोष्ट मी गेली तीस वर्षं सांगतेय आणि लोक हसतात. तिच्या पुढचं कधी सांगितलं नाही. अठ्ठ्याण्णव साली मी पार्सलची थैली घेऊन जिन्यावरून घसरले. उजव्या मनगटाचं हाड चिरलं. मेडिकल टाकायची म्हणजे उद्यापासून माझ्यावर तेच हसणार, जे मी दुसऱ्यांवर हसत होते. मी टाकली नाही. बाहीखाली क्रेप बँडेज बांधून बावीस दिवस डाव्या हाताने शिक्के मारले. मनगट वाकडंच जुळलं. तू लहानपणी विचारायचास, आत्या, तुझी पोळी एका बाजूला जाड का. मी म्हणायचे, ही आपल्या घरची पद्धत.

त्या बावीस दिवसांबद्दल मला कुणी शाबासकी दिली नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

मी तुला रीत लिहिली. आजोबांच्या वेळी पाटाखाली दुसरा माणूस हात घालून चालायचा, तेही लिहायला हवं होतं. मला आठवत होतं. लिहिलं नाही, कारण तुझ्या एकट्याच्या हातात मूर्ती असलेला फोटो मला हवा होता. ही माझी चूक, आणि ती मोठी आहे.

आता तू आधी मंडळाला सांग. दोन तारखेची वाट बघू नकोस. एकेकाला गाठून हळू आवाजात सांगू नकोस, सगळ्यांना एकदम सांग. हसतील ते हसतील. हे पत्र स्पीड पोस्टने टाकतेय, तरी दहा दिवस लागतील. पोचेल त्या दिवशीच सांग.

आत्या


टार्निट
८ डिसेंबर २०२५

आत्या,

तुझं पत्र बारा नोव्हेंबरला मिळालं. त्याच संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. एकशे चाळीस माणसं आहेत. मितालीने इंग्रजीत लिहून दिलं होतं, ते मी पुसलं आणि मराठीत लिहिलं. "मी मार्चपासून कॉम्पोवर आहे. तुमच्यापासून लपवलं. गणपती उचलल्यावर मला काय झालं हे ज्यांनी पाहिलं त्यांनी दोन ओळी लिहून द्याव्यात."

पाऊण तास एकही शब्द नाही. निळ्या खुणा मात्र पटापट होत होत्या. मग कुणीतरी दुसऱ्या दिवशीच्या क्रिकेटबद्दल विचारलं आणि सगळे त्याच विषयावर तुटून पडले.

उल्हासदादांचा फोन आला. "अरे यतिन, मला पर्सनली सांगायचंस ना. ग्रुपवर कशाला? आधीच आपल्या लोकांबद्दल काय काय बोलतात. आणि हॉलवाले म्हणतील, मंडळाने आजारी माणसाकडून काम करून घेतलं. मंडळाच्या लेटरहेडवर काही देता येणार नाही, हं." मी म्हटलं, दादा, लेटरहेड नको, तुम्ही काय पाहिलंत तेवढं लिहा. ते म्हणाले, "मी तेव्हा प्रसादाकडे बघत होतो रे."

दुसऱ्या दिवशी सुनेत्राताईंचा फोन. भजनात पुढे बसणाऱ्या, कडक बाई. मला वाटलं, आता झापतात. त्या आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "आमचे हे दीड वर्षं कॉम्पोवर आहेत. आम्ही सगळ्यांना वर्क फ्रॉम होम सांगितलंय." मी विचारलं, काकांना खांदा ना? म्हणाल्या, "खांदा. तुला कसं कळलं?" मला कळलं नव्हतं, आरतीत त्यांचा हात वर जात नसे, त्यावरून अंदाज होता. माझ्यासाठी लिहून द्याल का, मी विचारलं. म्हणाल्या, "नाव न घालता चालेल?" नाही चालत, ताई. त्यांनी फोन ठेवला. अशा नाव न सांगणाऱ्यांचे आणखी दोन फोन आले.

सोहमने लिहून दिलं. न मागता दोन पानं, सहीसकट. पार्किंगपासून काय झालं, मी किती वाजता सीटवर आडवा झालो, सगळं. शेवटी लिहिलं होतं की मी दोनदा मदत देऊ केली आणि दोन्ही वेळा त्यांच्या कपाळावर घाम होता. मी म्हटलं, अरे, एवढं कशाला? तो म्हणाला, "दादा, मी ढोल सोडून तुमच्याकडेच बघत होतो. माझा ताल दोनदा चुकला, विचारा कुणालाही."

बैठक सिटीत होती. मितालीने रजा घेतली. गाडीची सीट मागे पाडून मी तासभर छत बघत गेलो. खोलीत एक समेट घडवणारी बाई, विमा कंपनीचा इस्त्रीच्या शर्टातला तरुण आणि टेबलावर फोन. फोनवर दुभाषी. मला वाटलं होतं दुभाष्याची गरज पडणार नाही, बारा वर्षं इथे आहे.

बाईंनी सरळ विचारलं, "यू न्यू युअर लिमिट. व्हाय डिडन्ट यू जस्ट से नो?"

मी इंग्रजीत सुरुवात केली. "इट वॉज अॅन ऑनर," म्हटलं. तरुणाने लिहून घेतलं. ऑनर म्हटल्यावर मलाच वाटलं, कुणी पदक दिलं आणि मी हौसेने उचललं. मी फोनकडे वळलो आणि मराठीत बोललो. म्हटलं, "ताई, ज्याला मान दिला त्याने मखरापर्यंत मूर्ती खाली ठेवायची नसते. आणि नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी कॉम्पोवर आहे हे सांगायची मला लाज वाटत होती. देवापुढे खोटं वागलो आणि कंबर घालवली."

फोनवरच्या बाईने ऐकून घेतलं. आवाज नागपूरकडचा होता. मग तिने सगळं इंग्रजीत सांगितलं, पण 'ही वॉज' असं नाही म्हणाली. दुभाषी 'आय' म्हणतात, ते मला माहीत नव्हतं. "आय वॉज अशेम्ड." एका अनोळखी बाईच्या आवाजात मी हे ऐकलं. मिताली माझ्या शेजारी बसली होती. नऊ महिने मी तिलाही हे असं सांगितलं नव्हतं.

सोहमची पानं वाचली गेली. स्कॅनची दोन चित्रं, एक एप्रिलचं, एक सप्टेंबरचं, शेजारी शेजारी ठेवली. मग त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं, आत बोलावलं, परत बाहेर बसवलं. मी बाहेर बसलो नाही, भिंतीला टेकून उभा राहिलो.

शेवटी तरुणाने कागद पुढे केला. मी आता कामाला योग्य आहे असं मान्य करून सही करायची, कॉम्पो इथे संपेल. मग ते फोटोचा विषय काढणार नाहीत. नाव स्वच्छ राहील. सही करायची नसेल तर फिजिओ आणि पगार तूर्त सुरू, पण त्यांच्या डॉक्टरकडे तपासणी, फेब्रुवारीत पुन्हा बैठक, आणि फोटो फाइलमध्ये राहणार.

सकाळी निघताना उल्हासदादांचा मेसेज होता, "सेटल करून टाक, सुटशील." आत्या, मलाही सुटायचं होतं. घरी जायचं, रस्त्यावर हवं तसं चालायचं, दारात हसायचं, कुणी विचारलं तर सांगायचं की आता कॉम्पोवर नाही. पेन हातात घेतलं होतं. पण सोमवारी पिशव्या उचलायला ही कंबर न्यावी लागणार होती, आणि तिला कागद वाचता येत नाही.

मितालीकडे पाहिलं. तिला मी सही करावी असं वाटत होतं की नको, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. ती एवढंच म्हणाली, "तुझी कंबर आहे. तू सांग."

समेट घडवणाऱ्या बाईंनी विचारलं. फोनवरच्या बाईंनी मराठी केलं. कॉम्पोला त्यांनी दुसरा शब्द शोधला नाही.

"म्हणजे तुम्ही कॉम्पोवरच राहणार?"

मी म्हटलं, "हो. राहणार."

तरुणाने कागद फाइलमध्ये परत घातला, पुढची तारीख लिहिली, सगळे उठले. बसून पंचवीस मिनिटं झाली होती, मला उठता येईना. एरवी मी खिशात काहीतरी शोधल्यासारखं करतो, तोवर लोक बाहेर पडतात. या वेळी टेबल दोन्ही हातांनी धरलं आणि म्हटलं, "वेट प्लीज, माझी कंबर." अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. फोन अजून चालू होता. तिकडून बाईंनी इमानदारीने भाषांतर केलं, "माय बॅक." आणि दाराशी पोचलेली दोन्ही माणसं, मी सरळ उभा राहीपर्यंत, थांबली.

यतिन